कचेरीसाठी राऊटर घेताना



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका खेड्यातल्या शाळेच्या कचेरीत मी बसलो होतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस. २६ मुलांचे अर्ज राहिलेले, आणि इंटरनेट घटकाभर यायचे की पुन्हा जायचे. मुख्याध्यापिकाबाई कातावून म्हणाल्या, "अहो, महागातलं कनेक्शन घेतलं, तरी रड तीच!"

अखेर लेखनिकाने लोखंडी कपाटामागे हात घातला. राऊटर तिथे, जुन्या दप्तरांच्या गठ्ठ्याखाली, हाताला चटका बसेल इतका तापलेला. तो बाहेर काढला, संगणकाला तारेने जोडला. रात्रीपर्यंत २२ अर्ज गेले. चार राहिले. ती चार मुले कोणती, हे बाईंना आजही तोंडपाठ आहे.

राऊटर म्हणजे आपला पाटकरीच म्हणा ना! बाहेरून आलेले इंटरनेट तो कचेरीतल्या संगणकांना नि मोबाइलना वाटून देतो. पण कालव्यालाच पाणी नसेल, तर पाटकऱ्याला बोल लावून काय उपयोग? म्हणून नवा राऊटर घेण्याआधी संगणक तारेने जोडून पाहावा. तरीही इंटरनेट तुटत असेल, तर बहुधा दोष बाहेरच्या जोडणीचा. तक्रार कंपनीकडे करावी. तारेने ठीक चालते आणि वायफायवरच अडते, तर मग राऊटरकडे, आणि तो ठेवलाय कुठे तिकडे, पाहावे.

दुकानदार खोक्यावरचा आकडा दाखवील. १२००, ३०००. त्याला भुलू नका. वायफायच्या दोन्ही पट्ट्यांच्या कागदोपत्री वेगाची ती बेरीज असते. तुमचे कनेक्शन ५० एमबीपीएसचे असेल, तर कुठलाही राऊटर बाहेरून ५१ आणून देणार नाही. दोन पट्टे मात्र हवेत. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा सावकाश चालतो, पण भिंतीपलीकडे पोचतो. ५ चा वेगवान, पण आमच्याकडच्या दगडी भिंतीपुढे हात टेकतो. वायफाय ६ चा साधा राऊटर पाच-दहा माणसांच्या कचेरीला पुरतो. आणि ज्या संगणकावरून अर्ज भरायचे, पगारबिले करायची, त्याला सरळ तारच जोडावी.

दुकानात सहसा कुणी विचारत नाही, तो प्रश्न जरूर विचारा: कंपनी या राऊटरच्या आतल्या प्रणालीत सुधारणा किती वर्षे देणार? २०१८ साली 'व्हीपीएनफिल्टर' नावाच्या घातक प्रणालीने ५४ देशांतल्या निदान ५ लाख राऊटरांत आणि तशा यंत्रांत शिरकाव केल्याचे उघड झाले. त्यांतल्या बहुतेक यंत्रांतल्या फटी आधीच माहीत झालेल्या होत्या, किंवा कारखान्यातून आलेला पासवर्डच तसाच राहिला होता. तेव्हा राऊटर आणला त्याच दिवशी तो पासवर्ड बदलावा. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय काढण्याची सोय बहुतेक राऊटरांत असते. तिचा उपयोग करावा. कामाला आलेल्या प्रत्येकाला कचेरीचा पासवर्ड सांगणे म्हणजे तिजोरीची किल्ली खुंटीला टांगणे!

राहता राहिली वीज. आपल्याकडे राऊटर जुना होऊन मरण्याआधी विजेच्या चढउतारानेच मरतो. बरेच लहान राऊटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटी बॅटरी मिळते. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. मात्र फायबरची वेगळी पेटी असेल, तर तिलाही बॅटरी हवी. नाहीतर वीज गेल्यावर राऊटरचा दिवा तेवढा जळत राहतो आणि इंटरनेट काही नसते. हा घोटाळा मी चार ठिकाणी पाहिला आहे.

त्या शाळेचा राऊटर बाईंनी शेवटी बदलला, कारण त्याला सुधारणा मिळणे बंद झाले होते. नवा मधल्या किमतीचा आहे. तो भिंतीवर, फळ्याच्या उंचीवर, मोकळ्या हवेत आहे. दप्तरांचे गठ्ठे मात्र अजून कपाटामागेच आहेत.