स्फटिकातील रिकामी जागा

आपल्या परभणीच्या मातीखालचा काळा पाषाण लाव्ह्याचा. दख्खनच्या या पाषाणात झिओलाइटचे स्फटिक सापडतात. ते तापवले की पाणी सुटते. म्हणून १७५६ साली क्रॉन्स्टेटने त्यांना ‘उकळणारा दगड’ म्हटले. हे पाणी अणूंच्या चौकटीतील पोकळ्यांत राहते.

क्ष-किरणांनी रचना काढताना जागेवर ठाम उभे अणू दिसतात. जागा बदलणारा द्रावकाचा रेणू निसटतो. बदली कामगाराचे नाव कायमच्या हजेरीपटावर नसते, तसेच हे. राबतो मात्र तोही! म्हणून स्पेक यांची ‘प्लॅटन’ ही संगणकीय आज्ञावली १.२ अँगस्ट्रॉम त्रिज्येची काल्पनिक गोळी अणूंमधून फिरवते. सुमारे ४० घन अँगस्ट्रॉम मोकळे निघाले, तर पाण्याच्या एका रेणूची सोय झाली. पोकळी खरोखर रिकामीही असेल. पण तपासल्यावाचून तसे लिहू नये, असे आम्हांस वाटते. औषधाच्या स्फटिकात द्रावक राहिला, तर वजनातला तेवढा वाटा औषधाचा नसतो.