रेकॉर्डची टॅली

(शाखेच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



मला सांगितलंय, नव्याजुन्या रेकॉर्डींवर बोल. मी मॅट्रिक झालेला, गोदीत गोण्या उचलणारा माणूस. पेपरातले समीक्षक लिहितात तसला ‘स्वरांचा दरवळ’ मला जमायचा नाही. कविता करतो, पण गाणं ऐकतो हमालाच्या कानानं. धक्क्यावर टॅली असते. किती स्लिंगा उतरल्या, एकेकीत किती गोण्या, त्याच्या रेघा मारतात. रेघ पडली तर टोळीला दाम, नाही पडली तर घाम फुकट. रेकॉर्डचंही तेच. ऐकून अंगावर काटा आला, ठीक आहे. मग कव्हर उलटं करायचं आणि विचारायचं, ओझं कुणी उचललं आणि रेघ कुणाच्या नावावर पडली?

हे आजच का बोलतोय ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या कलापथकाची गाणी एक कंपनी एकरकमी मागतेय. पैसे रोख, गाणी कायमची त्यांची. आपल्यातले काही म्हणतात, देऊन टाका, प्रचार तरी होईल. द्यायच्या आधी ह्या पाच रेकॉर्डी ऐका.

पहिली, ब्लूज गाणारी बेसी स्मिथ. १९२३ साली कोलंबिया कंपनीनं तिची ‘डाउनहार्टेड ब्लूज’ काढली. माइक तेव्हा आला नव्हता, भोंग्यासमोर उभं राहून गायचं. ती अशी गाते की भोंग्याचा पत्रा फाटेल. रेकॉर्ड तुफान खपली. बाईला मिळाली गाण्यामागे ठरलेली रक्कम, खपावर दमडी नाही. १९३७ साली मोटारीच्या अपघातात गेली. तिच्या कबरीवर १९७० पर्यंत दगड नव्हता. तो बसवला जॅनिस जॉप्लिन ह्या गोऱ्या गायिकेनं आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या जुआनिता ग्रीननं. एकरकमी म्हणजे काय, ते ह्या बाईला विचारा.

दुसरी आपल्या धंद्यातली. हॅरी बेलाफॉन्टेची ‘कॅलिप्सो’, १९५६. पहिलंच गाणं जमैकाच्या धक्क्यावर रात्रपाळीत केळीचे घड भरणाऱ्या मजुरांचं. पहाट झालीय, मोजणाऱ्यानं यावं, घड मोजावेत, म्हणजे घरी जाता येईल. च्यायला, हे तर आपलंच! आवाज काय, पाळी संपतानाची हाकच. ही एल.पी. अमेरिकेत ३१ आठवडे पहिल्या नंबरवर होती. नावात मात्र घोळ आहे. कॅलिप्सो त्रिनिदादचं, हे गाणं जमैकाचं. तिथल्या लोकगाण्याला मेंटो म्हणतात. बाजारानं सगळ्या काळ्या बेटांना एकच लेबल डकवलं. आणखी एक तक्रार, रेकॉर्डवर मजुराच्या पाठीतली कळ जरा गोड झालीय. पण बेलाफॉन्टेच्या कमाईचं काय झालं तेही बघा. १९६४ साली मिसिसिपीत मतदार नोंदणीच्या लढ्यात पोरं मारली जात होती. तेव्हा हा आणि नट सिडनी पॉइटिए सुमारे ७० हजार डॉलर रोख घेऊन ग्रीनवुडला गेले. धक्क्यावरनं आलेलं धन काही अंशी लढ्यात परत गेलं. ही रेघ मी त्याच्या नावावर मारतो.

तिसरी जॅझची. ड्रमवाला मॅक्स रोच, ‘वुई इन्सिस्ट’, १९६०. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरोत चार काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या खाण्याच्या काउंटरवर बसले होते. कव्हरवर तसलंच दृश्य आहे. काळी माणसं काउंटरवर बसलेली, मागे गोरा वेटर. चवदार तळ्याची पोरं आपण, आपल्याला हा फोटो कुणी समजावून सांगायला नको. पहिलं गाणं पाच मात्रांचं आणि पहिल्या मात्रेवर कडक फटका, मुकादमाच्या चाबकासारखा. ॲबी लिंकन पुढे एका तुकड्यात शब्द सोडून देते आणि नुसती किंचाळते. ज्यांना हे ‘संगीत’ वाटत नाही त्यांनी खुशाल उठून जावं. सॅक्सोफोनवाला म्हातारा कोलमन हॉकिन्स, त्याचा एक सूर मध्येच चिरकला. तो म्हणाला, राहू दे, कापू नका, असल्या गाण्यात सगळंच नीटस असेल तर कायतरी चुकलंय. आपल्या पोरांचा आवाज फाटतो म्हणून कंपनीवाले नाक मुरडतात, त्यांना ही रेकॉर्ड ऐकवा.

चौथी २००० सालची, ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ ह्या सिनेमाची. ती उघडते कैद्यांच्या गाण्यानं. मिसिसिपीच्या तुरुंगात लाकडं फोडताना ते गात होते, कुऱ्हाडीचा घाव हाच ताल. १९५९ साली ॲलन लोमॅक्सनं ते टेप केलं. अल्बम लाखोंनी खपला, २००२ साली ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम ठरला. मुख्य गाणारा जेम्स कार्टर शिकागोत म्हातारा झाला होता. गाणं टेप झालेलं त्याच्या ध्यानातही नव्हतं. लोमॅक्सच्या संग्रहाच्या लोकांनी त्याला हुडकून काढला आणि २० हजार डॉलरचा चेक हातात ठेवला. त्रेचाळीस वर्षांनी टॅली लागली. ती लागली कारण त्याचं नाव लिहून ठेवलं होतं. रेकॉर्डवर छापलंय, ‘जेम्स कार्टर आणि कैदी’. त्या ‘आणि’च्या पुढच्यांना कुणी हुडकायचं, कुठल्या नावानं?

पाचवी नवी. केंड्रिक लमार, ‘टू पिंप अ बटरफ्लाय’, २०१५. रॅप आहे, पण आत जॅझ आणि फंक वाजवणारी जिवंत माणसं बसवलीत. कव्हरवर व्हाइट हाउससमोर काळी पोरं, पायाशी आडवा पडलेला गोरा न्यायाधीश. कलावंताला बाजार धंद्याला कसा लावतो हे त्यानं नावातच ठोकून दिलंय. त्यातलं ‘ऑलराइट’ त्याच वर्षी पोलिसांविरुद्धच्या मोर्च्यात लोक गायला लागले. अल्बम लांबलाय आणि शेवटी शेवटी भाषणबाजी होते. तरी मी तो तीनदा ऐकला.

आता आपलं. चोखोबानं अभंगाच्या शेवटी आपलं नाव घातलं. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) शेवटच्या कडव्यात ‘वामन’ गुंफायचे. लेबल फाडलं तरी नाव गाण्यातनं निघत नाही, अशी ही पक्की टॅली आहे. पण हलगीवाल्याला कडवं नसतं. कोरसच्या बायांना कडवं नसतं. कॅसेटवर आत कागद तरी असायचा. फोनवर अंगठ्याएवढं चित्र येतं, वाजवणारे हुडकायला बोटं झिजवावी लागतात. प्रचार हवा म्हणणाऱ्या दोस्तांना मी विचारतो, जे गाणं पुढच्या मोर्च्यात गायला कंपनीची परवानगी काढावी लागेल, त्याचा प्रचार कुणासाठी?

म्हणून ठराव मांडतो. एक, एकरकमी विक्री नाही. गाणी पथकाच्या मालकीची राहतील, कंपनीला फक्त ठरावीक वर्षांपुरता हक्क. दोन, प्रत्येक प्रतीमागे, प्रत्येक ऐकण्यामागे हिस्सा, तोही लेखी आणि मराठीत. तीन, हलगी, ढोलकी, कोरस, सगळ्यांची नावं गाणाऱ्याच्या बरोबरीनं, ‘आणि मंडळी’ चालणार नाही. कंपनीला पटलं नाही तर आपण स्वतः वर्गणी काढून रेकॉर्ड करू. माझे एका आठवड्याचे रोज आत्ताच लिहून घ्या.

ज्यांना पटत नाही त्यांनी उठून बोलावं. मग हात वर करा.

जय भीम.