संन्यासी सेनानी : स्वामी रामानंद तीर्थ

स्वामी रामानंद तीर्थ यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म 1903 सालचा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा.

तरुणपणी त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले.
मग ते शिक्षक झाले.
आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, पुढे अंबाजोगाईत.
याच काळात त्यांनी संन्यास घेतला. पण मठात ते बसले नाहीत.

श्रोतेहो, तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.
निजामाची सत्ता इंग्रजांच्या छत्राखाली टिकून होती.
1938 साली संस्थानातल्या लोकांच्या हक्कांसाठी हैदराबाद स्टेट काँग्रेस ही संघटना उभी राहू लागली आणि लगेच तिच्यावर बंदी आली.
या बंदीविरुद्ध स्वामीजींनी सत्याग्रह केला. तुरुंगवास भोगला.

15 ऑगस्ट 1947.
देश स्वतंत्र झाला.
मराठवाडा मात्र झाला नाही, कारण निजाम भारतात सामील व्हायला तयार नव्हता.
स्वामीजी पुन्हा गजाआड गेले.

बाहेर लढा पेटला.
संस्थानाच्या सरहद्दीवर सशस्त्र कॅम्प उभे राहिले.
लढ्याला पैसा हवा म्हणून नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक लुटली गेली.
विशेष म्हणजे, या लुटीचा चोख हिशेब ठेवला गेला!
सत्याग्रहाने सुरू झालेल्या या चळवळीत बंदूकही होती, हे आज फारसे सांगितले जात नाही.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या.
17 सप्टेंबरला निजाम शरण आला.
देशानंतर तेरा महिन्यांनी मराठवाडा मुक्त झाला.
होय, श्रोतेहो, तेरा महिन्यांनी.

पुढे स्वामीजी लोकसभेवर निवडून गेले.
1972 साली त्यांचे निधन झाले.
1994 पासून नांदेडला त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे, आणि लातूरला त्याचे उपकेंद्र.