पोरी वीस मार्चची वाट बघतायत

दर वेळी मी आले की हप्ता, पासबुक, कर्जाची फाइल हेच बोलते. आज गाण्याबद्दल बोलणार आहे. सुरुवात मात्र हप्त्यानंच करते, कारण गोष्ट तिथूनच सुरू झाली.

आमच्या एका गटातली एक ताई फेब्रुवारीच्या बैठकीला रिकाम्या हातानं आली. सहा वर्षांत तिचा हप्ता एकदाही चुकलेला नाही. पावसात, आजारपणात, अगदी घरात दुखवटा असतानाही तिनं शेजारणीच्या हाती पैसे पाठवले होते. त्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "ताई, माझ्या फोनमधनं पोरीनं पैसे घालवले. साडेअठराशे. उद्यापासनं तिची शाळा बंद." मुलगी नववीत आहे. (तिला आणि तिच्या आईला विचारूनच हे सांगते आहे, नावं सांगणार नाही.)

पैसे कशापायी गेले? तर एका अल्बमच्या बुकिंगसाठी. बैठकीतल्या म्हाताऱ्या मावशींना वाटलं लग्नाचा अल्बम. "अगं बया, पोरीनं लग्न जमवलं काय?" म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला. बायका हसल्या, मीही हसले. ती ताई हसली नाही. माझं ते हसणं चुकलंच.

तर हा अल्बम म्हणजे गाण्यांचा संच. आपल्या वेळी कॅसेट यायची, तसा. दक्षिण कोरियात सात मुलांचा एक गट आहे, बीटीएस नावाचा. गाणारा आणि नाचणारा. त्यांचा नवा अल्बम २० मार्चला येतो आहे. शुक्रवार आहे, पाडव्याचा दुसरा दिवस. जगभरातल्या त्यांच्या चाहत्यांची नजर त्या दिवसाकडे लागली आहे, आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पोरींचीसुद्धा. तुमच्या घरात बारा ते वीस वयाची मुलगी असेल तर तिला आज विचारून बघा. तिला माहीत नसेल, तर तिच्या मैत्रिणीला नक्की असेल.

मला यातलं काही कळत नव्हतं. मी घरी येऊन पुतणीला विचारलं. ती कॉलेजला आहे. म्हणाली, "काकी, मी पण आर्मी आहे." आमच्या जिल्ह्यात आर्मी म्हटलं की पहाटे रस्त्यावर पळणारी पोरंच डोळ्यांसमोर येतात. सासूबाई आतून ओरडल्या, "भरतीला निघाली का काय ही?" मग कळलं की या गटाचे जे चाहते आहेत, त्यांनाच आर्मी म्हणतात.

त्या रात्री पुतणीनं मला दोन तास सांगितलं. इतकं मोकळं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

हे सात जण १३ जून २०१३ ला पहिल्यांदा लोकांसमोर आले. जिन, सुगा, जे-होप, आरएम, जिमिन, व्ही आणि जंगकुक अशी त्यांची नावं. मला ती पाठ करायला तीन दिवस लागले. त्यांची कंपनी तेव्हा छोटी होती, सातही जण दाटीवाटीनं एका खोलीत राहायचे. सुरुवातीची त्यांची गाणी प्रेमाबिमाची नव्हती. शाळा, मार्क, आईवडिलांच्या अपेक्षा, आणि तुला स्वतःला काय व्हायचंय हा प्रश्न, यावर होती. कोरियात अभ्यासाचा ताण आपल्यापेक्षा कमी नाही. पुढे २०१८ च्या सप्टेंबरात त्यांच्यातल्या आरएमनं न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत भाषण केलं. त्याचा भावार्थ असा, की स्वतःला आवडून घ्या आणि स्वतःबद्दल बोला, तुम्ही कुठून आलात, तुमचं नाव काय, ते सांगा.

पुतणी म्हणाली, "काकी, मला असं कुणी विचारलं नव्हतं गं." मी गप्प बसले. आठ वर्षं एका घरात राहतो आम्ही. मार्क किती पडले, एवढंच मी तिला विचारत आले.

आता इतकी वाट का बघायची? तर हे सातही जण मधली तीन-साडेतीन वर्षं एकत्र नव्हतेच. कोरियात धडधाकट पुरुषाला सैन्यात जावंच लागतं. तिथला कायदा आहे तो. साधारण दीड वर्षं. यांना सूट द्यावी की नाही, यावर तिथं मोठी चर्चा झाली होती. शेवटी सगळ्यांनी सेवा केली. सगळ्यात मोठा जिन, तो १३ डिसेंबर २०२२ ला दाखल झाला आणि १२ जून २०२४ ला सुटून आला. मग एकेक करून बाकीचे. सुगाच्या खांद्याला जुनी दुखापत होती, म्हणून त्याला सैन्याऐवजी नागरी सेवा दिली. तो सगळ्यांत शेवटी, २१ जून २०२५ ला मोकळा झाला. त्यानंतर दहाच दिवसांनी सातही जण एकत्र बसून चाहत्यांशी बोलले आणि म्हणाले, पुढच्या वसंतात अल्बम आणतो.

हे मी दुसऱ्या दिवशी बैठकीतल्या बायकांना सांगितलं तेव्हा खोलीतला सूर बदलला. आपल्याकडं अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, जिथं घराघरातला माणूस सैन्यात आहे. आमच्या गटांतही फौजींच्या बायका आहेत. त्यातली एक म्हणाली, "म्हणजे पोरी यांच्या सुट्टीची वाट बघत होत्या म्हणा की." अगदी तसंच! कोण कधी गेला, कोण कधी येणार, किती दिवस राहिले, हे त्या पोरींना तोंडपाठ होतं. कॅलेंडरवर खुणा करणं आपल्याला नवीन आहे का?

आणि वाट बघण्याचं म्हणाल, तर आपण काय वेगळं केलं? माझी आई बुधवारी रात्री रेडिओला कान लावून बिनाका गीतमाला ऐकायची, अमीन सयानींचा आवाज आला की तिला भाकरी करपल्याचं कळायचं नाही. सैराट २९ एप्रिल २०१६ ला आला. त्याआधी गाणी आली होती आणि लग्नाच्या वरातींतून आपणच नाचलो. मी तर कडेवर पोर घेऊन नाचले. तेव्हा आपल्याला कुणी वेडं म्हटलं नाही, कारण सगळं गावच नाचत होतं. या पोरी एकेकट्या आहेत. खोलीत, कानात वायर घालून. म्हणून आपल्याला ते वेड दिसतं.

नव्या अल्बमचं नाव सांगितल्यावर तर मला फार बरं वाटलं. त्याचं नाव आहे 'आरिरांग'. हे कोरियाचं जुनं लोकगीत आहे, घाट ओलांडून जाणाऱ्या माणसाचं, ताटातुटीचं. त्याचा एकच कर्ता नाही. गावोगावी चाल वेगळी, शब्द वेगळे, पालुपद तेवढं एक, आणि गाणाऱ्यानं आपल्या मनातलं त्यात घालायचं. साठेक प्रकार आणि त्यांची ३,६०० च्या आसपास रूपं आहेत म्हणतात. युनेस्कोनं २०१२ साली ते मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हे ऐकून आमच्या त्याच म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "म्हंजी आपल्या जात्यावरच्या ओव्याच की!" बरोबर बोलल्या. आपल्याही ओव्यांना कर्ती नाही. पहिली ओळ आईची, दुसरी आपली. एक लाखाहून जास्त ओव्या अभ्यासकांनी आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून गोळा केल्या आहेत. एवढे जगप्रसिद्ध मुलगे घरी परत आले आणि अल्बमला आजीच्या तोंडचं गाणं आठवून नाव दिलं, हे मला आवडलं. आमच्या घरात तर ओव्या सासूबाईंबरोबर बंद होणार, कारण मला चारच येतात.

आता पैशांचं. कारण शेवटी मी गटाचीच बाई.

गाणी ऐकायला पैसे लागत नाहीत. फोनवर ती फुकट ऐकता येतात, मध्ये जाहिराती येतात तेवढंच. मग पोरीनं पैसे कशाला पाठवले? तर कोरियात अल्बम म्हणजे एक सुंदर खोकं असतं. आत फोटोंचं जाड पुस्तक, सीडी आणि सातांपैकी कुणाचं तरी एखादं छोटं कार्ड. कार्ड कुणाचं निघेल ते खोकं फोडल्याशिवाय कळत नाही. आपल्या लहानपणी बबलगमच्या कागदात क्रिकेटवाल्याचं चित्र निघायचं, तसंच. हवा तो निघाला नाही की अजून एक घ्यायचा. तोच अल्बम चार वेगवेगळ्या झाकणांत पण काढतात. धंदा आहे हा, आणि हुशार धंदा आहे. मी पुतणीला विचारलं, आपल्या घरात सीडी लावायचं यंत्र कुठाय? ती म्हणाली, "कुठंच नाही." मग दोघी हसलो. पण ती खोकं उराशी धरण्याची हौस मला कळते. माझ्या कपाटात न नेसलेला एक शालू आहे.

आपल्या त्या मुलीला फोनवर कुणीतरी भेटलं. म्हणालं, आम्ही वीस जणींची ऑर्डर एकत्र काढतो, म्हणजे पाठवणावळ कमी पडेल, आधी पैसे टाका. खरोखर अशा एकत्र ऑर्डरी निघतात आणि प्रामाणिकपणे पोचतातही, म्हणूनच फसवणाऱ्यांचं फावतं. मुलीनं आईच्या फोनवरून पैसे टाकले, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस गायब. मुलगी दहा दिवस गप्प. जेवण कमी झालं, आईला वाटलं परीक्षेची भीती. हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे नाहीत तेव्हा कळलं.

तायांनो, इथं नीट ऐका. ऑनलाइन फसवणूक झाली की १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा. पहिल्या काही तासांत केला तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. आपण दहा दिवसांनी केला. तक्रार नोंदली आहे, पैसे अजून आलेले नाहीत, येतील असंही मी सांगत नाही. ती पोर पहिल्याच दिवशी आईला बोलली असती तर? ती का बोलली नाही, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आई फोडून काढंल, आणि गाणी बंद करंल." पैसे गेल्यापेक्षा गाणी बंद होण्याची भीती मोठी होती.

यावर मला एक गोष्ट आठवते आणि अंगावर काटा येतो. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या तीन मुली घर सोडून निघाल्या होत्या. अकरा आणि तेरा वर्षांच्या. पुण्याला जायचं, काम करायचं, पैसे साठवायचे आणि कोरियाला जाऊन याच गटाला भेटायचं, असा त्यांचा बेत. आपलं अपहरण झालंय असा फोनही त्यांनी केला. पोलिसांनी तो माग काढला, तर मुली पुण्याच्या एसटीत. सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या बसस्थानकावर त्यांना थांबवलं, आणि त्यात तिथं दुकान चालवणाऱ्या एका बाईंची मदत झाली. मुली सुखरूप परत आल्या. बातमी वाचून लोक हसले, गाण्यापायी पोरी पळाल्या म्हणून. मला त्या दुकानवाल्या बाई दिसतात. त्या नसत्या आणि पोरी रात्री पुण्यात एकट्या उतरल्या असत्या, तर काय झालं असतं ते आपल्या कुणाला सांगायला नको. अकरा वर्षांच्या पोरीला कोरिया पुण्याच्या पुढं कुठंतरी असेल असं वाटणं साहजिक आहे. नकाशा काढून, पासपोर्ट काय असतो, तिकिटाला किती लागतात, हे तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. तुमच्या आसपास असं लेकरू दिसलं किंवा अडचणीत आहे असं वाटलं, तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे. चोवीस तास चालू असतो.

तर त्या मुलीची शाळा बंद झाली नाही. त्या रात्री मी त्यांच्या घरी जाऊन बसले. आईचा राग खोटा नव्हता, साडेअठराशे म्हणजे तिची सहा दिवसांची खुरपणी. मी काही समजूत घातली नाही, मुलीला म्हटलं, तुझ्या आईला एक गाणं लाव. तिनं भीत भीत लावलं. आई चुलीकडं तोंड करून बसली होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "ह्यातला तुझा कंचा?" मुलीनं बोटानं दाखवला. "लईच बारीक हाय," आई म्हणाली, "खातो का न्हाई?"

गटानं ठरवलं की हप्ता चुकल्याचा दंड घ्यायचा नाही, पण पैसे माफही करायचे नाहीत. आईच्या नावावर साडेअठराशेचं अंतर्गत कर्ज टाकलं, नेहमीच्याच व्याजानं. मुलगी महिन्याला दीडशे देणार, खाऊच्या आणि यात्रेच्या पैशांतून. त्याची वही तीच लिहिते. पहिल्याच महिन्यात तिनं व्याज काढताना माझी चूक धरली. ते खोकं अजून हवंय का, असं मी विचारलं तर म्हणाली, "हवंय की. पण कर्ज फिटल्यावर."

२० तारखेला कोरियातली दुपार म्हणजे आपली सकाळ. त्यांचं घड्याळ साडेतीन तास पुढं आहे. पोरी शाळेत असतील, त्यामुळं संध्याकाळी पाच वाजता आमच्या गटाच्या खोलीत सगळ्यांनी यायचं ठरलंय. स्पीकर एका ताईच्या मुलाचा आहे. पाडव्याच्या उरलेल्या पुरणपोळ्या ज्यांच्या घरी असतील त्यांनी आणायच्या. मावशींची मात्र एक अट आहे. पोरींनी आधी त्यांच्या दोन ओव्या ऐकायच्या, मग मावशी त्यांची गाणी ऐकतील. पोरी म्हणाल्या, चार ऐकतो, पण आमची सगळी ऐकायची.