माळ ओसाड नसतो
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा नान्नजकडील माळावर झाडे लावण्याचे मंडळाने योजिले आहे, असे कळले. हेतू चांगला आहे. तरीही आज मी त्याला मोडता घालणार आहे, त्याची क्षमा असावी.

मारुती चितमपल्ली आपल्या सोलापूरचे. १९३२ साली येथेच जन्मले आणि २०२५ साली येथेच त्यांनी देह ठेवला. रानाची पहिली ओळख त्यांना आई आणि मामांनी करून दिली. आपण मात्र मुलांना माळ दाखवतो आणि 'इथे काही नाही' म्हणून सांगतो! त्या 'काही नाही'मध्ये कुसळी गवत आहे, काळवीट आहे, लांडगा आहे, चंडोल आहे. आणि माळढोक.

पुरुषाच्या कमरेइतका उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. शत्रू दुरून दिसावा म्हणून त्याला मोकळा माळ लागतो. झाडी दाटली की तो ती जागा सोडतो. म्हणजे आपल्या पुण्यकर्मानेच त्याचे घर जायचे!

१९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावे आली, शेते आली. जमिनीच्या व्यवहाराला अडथळे येऊ लागले आणि लोकांचा राग बिचाऱ्या पाखरावर निघाला. मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकू पाहणाऱ्याला मी तरी दोष देणार नाही. पुढे क्षेत्र पुष्कळच कमी केले गेले. पण मधल्या काळात उजनीचे पाणी आले, माळ नांगरून ऊस उभा राहिला, विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही. तारेवर आदळून तो मरतो. आज साऱ्या देशात दीडशेच्या आसपास उरले असतील, ते बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तरी त्याची बातमी होते.

तेव्हा आणलेली रोपे शाळेच्या आवारात आणि रस्त्याच्या कडेला लावू. खड्डे खणायला मी येते. माळावर मात्र दिवाळीनंतर, गवत पिवळे झाले की, एका सकाळी मुलांना घेऊन जाऊ. गाडीभाड्याचे तेवढे चिटणीसबाईंनी पाहावे.