हिमनद्यांनी मागे ठेवलेले गोटे

हैदराबादच्या आबिड्स भागातून जवळच्या नौबत पहाडाकडे गेले असता एकमेकांवर तोललेले प्रचंड गोलसर दगड नजरेस पडतात. भूगोल वाचलेल्या एखाद्यास ते हिमनदीने आणून टाकले असावेत, असा संशय येतो. वस्तुतः ते कोठूनही आलेले नाहीत. हा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे. भेगांमध्ये पाणी मुरून तो जागच्या जागी कुजला, भुगा वाहून गेला आणि टणक गाभे तेवढे उरले.

मग हिमनदीने खरोखर आणलेला दगड ओळखावा कसा? त्यासाठी उत्तरेस आदिलाबाद ओलांडून पैनगंगेचा काठ गाठावा लागतो. चंद्रपूरच्या पश्चिमेस इरई गावाजवळ चुनखडीचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला असून त्यावर लांब, समांतर चरे उमटले आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली. या चुनखडीवर हिरवट गाळ व त्यात रुतलेले लहानमोठे गोटे आहेत. हाच तालचीरचा थर. ओडिशातील तालचीर येथे ब्लॅनफर्ड बंधूंनी तो बर्फाचे कार्य म्हणून १८५६ सालीच ओळखला होता. उष्ण भारतात बर्फ, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होता, हे पुष्कळ पुढे उमगले.

नदी आपला गाळ निवडून टाकते. जड गोटे आधी, रेती नंतर, चिखल शेवटी. हिमनदी असा भेद करीत नाही. तिच्या गाळात हातभर धोंडा आणि मऊ चिकणमाती शेजारी नांदतात. दूरच्या खडकांचे तुकडे त्यात सापडतात आणि काहींचे पृष्ठभाग घासून सपाट झालेले असतात. सर्वेक्षक नाल्यानाल्याने चालत जातो, उघडा पडलेला प्रत्येक खडक हातोडीने फोडून पाहतो, थरांचा कल होकायंत्राने मोजतो आणि नकाशावर टिंब देतो. काळ्या मातीखाली दडलेली सीमारेषा त्या टिंबांवरून अनुमानाने जोडावी लागते.

ही रेषा चुकली तर नुकसान मोठे होते. वर्धा व गोदावरीच्या खोऱ्यांतील दगडी कोळसा तालचीरच्या वरच्या थरांत असतो. छिद्र घेताना तालचीर लागला, म्हणजे खाली कोळसा मिळण्याची आशा सोडावी. उलट, तालचीरचे थर ज्या दिशेस कलतात, तिकडे त्यांच्यावर कोळशाचे थर झाकलेले असू शकतात. रानातल्या गोट्यांची नोंद अशा रीतीने खाणीच्या हिशेबात उतरते.

चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडीवर सिमेंटचे कारखाने चालतात. तो उद्योग आवश्यकच आहे. परंतु चरे पडलेला पृष्ठभाग एकदा फुटला, की पुन्हा घडविता येत नाही. पुढच्या पिढीस नकाशा पडताळून पाहावयाचा असेल, तर कागदाबरोबर तो दगडही जागेवर राहिला पाहिजे.