पहिल्या दिवशी वजन उचलायचं नाही

(कोल्हापुरातील तरुणांच्या एका मेळाव्यात पर्सनल ट्रेनर म्हणून काम करणाऱ्या कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



मला रोज विचारले जाणारे प्रश्न तीनच आहेत. पावडर कोणती घेऊ? तीन महिन्यांत बॉडी होईल का? आणि हळू आवाजात, इंजेक्शन घेतलं तर चालतं का? तिन्हींची उत्तरं देतो. पण आधी आपल्या गावाबद्दल थोडं बोलतो, कारण माझं निम्मं शिक्षण या गावानं केलंय.

कोल्हापुरात व्यायाम काही जिमबरोबर आला नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागचं मैदान बांधून घेतलं. १९१२ पासून ते मैदान उभं आहे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, काळा इमाम, बाबूजमाल, पेठेपेठेत तालीम. मोहरमला याच तालमींतून पंजे बसतात आणि त्यांची सेवा हिंदू-मुसलमान दोघं मिळून करतात. याच महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगची सुरुवात करून दिली. म्हणजे आपल्या पोरांनी शिकावं आणि शरीरही कमवावं, याची सोय या गावानं शंभर वर्षांपूर्वीच केलेली आहे.

माझे अब्बा शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करायचे. बाराव्या वर्षी त्यांनी मला तालमीत घातलं. पैलवान व्हावं अशी काही त्यांची इच्छा नव्हती, संध्याकाळी पोरगं कट्ट्यावर बसू नये एवढाच हिशेब. मी मैदान कधी गाजवलं नाही. पण वस्तादांचं काम जवळून पाहिलं. हौद्यात तीस पोरं असली तरी प्रत्येकाचे जोर वेगळे, बैठका वेगळ्या. दिवसभर शेतात राबून आलेल्याला कमी. तापातून उठलेल्याला फक्त मालीश. ‘काल काय खाल्लंस, झोपलास किती?’ हे विचारल्याशिवाय ते कुणाला मातीत उतरू द्यायचे नाहीत.

बारावीनंतर एका जिममध्ये लागलो. आधी फरशी पुसणं, प्लेटा जागेवर लावणं, मग ट्रेनर. पगार थोडा आणि पावडरच्या प्रत्येक डब्यामागं कमिशन. नवा मेंबर आला की पहिल्या आठवड्यात त्याच्या गळ्यात डबा मारायचा, असा तिथला नियम. पोराचे वडील हमाली करतात हे माहीत असताना त्याला तीन हजारांचा डबा विकायचा, हे मला जमेना. ती नोकरी सोडली. दिवसा वर्कशॉपमध्ये काम केलं, रात्री ट्रेनरच्या परीक्षेचा अभ्यास. पुस्तक इंग्रजीत, स्नायूंची नावं लॅटिनमध्ये. मी प्रत्येक नावापुढं मराठीत त्याचं काम लिहून काढलं: हा गुडघा सरळ करतो, हा खांदा मागं ओढतो. ती वही अजून वापरतो. आपल्या पोरांना सांगतो, इंग्रजीला घाबरून हा धंदा सोडू नका. स्नायूचं काम कळलं की नाव पाठ होतं.

आता माझी पद्धत. पहिल्या दिवशी मी कुणालाही वजन उचलू देत नाही. चार गोष्टी विचारतो: काम काय, झोप किती, जेवण कसं, दुखतं कुठं. मग शिंप्याची टेप घेऊन कंबर मोजतो. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढं गेली, की साखर आणि हृदयाचा धोका वाढतो. वजनकाट्यापेक्षा ही टेप जास्त खरं बोलते.

शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारा एक तरुण आला. आठ तास साचे उचलून संध्याकाळी त्याला दोन तासांचा व्यायाम हवा होता. त्याच्या पाठीचा व्यायाम दिवसभर झालेलाच होता. त्याला मी आठवड्यातले तीनच दिवस दिले, चाळीस-चाळीस मिनिटांचे. वाकून वजन कसं उचलायचं ते आधी शिकवलं. जिममध्ये शिकलेला डेडलिफ्ट त्याला कारखान्यात उपयोगी पडला आणि कंबरदुखी कमी झाली.

बाकी व्यायामात गुपित काही नाही. बसून उठणं, ढकलणं, ओढणं, जमिनीवरून उचलणं, हातात वजन घेऊन चालणं. या पाच हालचाली नीट शिका. ठरलेली संख्या शेवटपर्यंत नीट जमली की पुढच्या वेळी थोडं वजन वाढवा, नाही जमली तर तेवढंच ठेवा. तीन महिन्यांत ताकद नक्की वाढते. फोटोतल्यासारखं शरीर वाढत नाही. आणि खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं ते ५७ किलोच्या गटात, हे विसरू नका. ते शिकले याच गावात, राजाराम कॉलेजात.

पावडरचं उत्तर. व्यायाम करणाऱ्या साठ किलोच्या पोराला दिवसाला साधारण ७० ते ९५ ग्रॅम प्रथिनं पुरतात. तीन अंडी म्हणजे १८ ग्रॅम. पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या, २५ ग्रॅम. अर्धा लिटर दूध, १६ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, ७ ग्रॅम. झाले ६६. वर डाळ, भाकरी आहेच, आणि घरात चिकन असेल त्या दिवशी प्रश्नच मिटला. पावडर विष नाही, पण ती जेवणाची उणीव भरून काढण्यापुरती. हप्त्यावर घेण्याची वस्तू ती नव्हे.

आता इंजेक्शन. मेफेन्टरमिन नावाचं औषध जिमच्या पोरांत चोरून फिरतं. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला, तर तो वर आणण्यासाठी डॉक्टर ते वापरतात. ठणठणीत पोरानं ते टोचून घेतलं की छाती धडधडते आणि थकवा कळेनासा होतो. थकवा गेलेला नसतो, त्याची खबर बंद झालेली असते. रक्तदाब भडकतो, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, सवय लागते. स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं पुरुषी संप्रेरक तयार करणं थांबवतं. शुक्राणू घटतात, काहींची छाती बायकांसारखी वाढते, हृदयावर ताण येतो. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी हेही तपासावं. तुमच्यापैकी कुणी घेत असेल तर लाजू नका, डॉक्टरला खरं सांगा. अचानक स्वतःच्या मनानं काही करू नका.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. घरातलं पोरगं जिमला जातं आणि साखर त्याच्या अम्मीला असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानं देशात दहा कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज दिला, आणि साडेतेरा कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर. आपल्या मोहल्ल्यातली बाई दिवसभर राबते म्हणून ती तंदुरुस्त, असं आपण धरून चालतो. राबणं वेगळं, ताकद वेगळी.

माझ्याकडं एक खाला येतात. वय पंचावन्नच्या पुढं. गुडघ्यांमुळं पाच वर्षं खुर्चीवर बसून नमाज पढत होत्या. त्या म्हणाल्या, ‘बेटा, वजन राहू दे. मला जमिनीवर सजदा करायचाय.’ आधी डॉक्टरांना गुडघे दाखवले, त्यांनी व्यायामाला हरकत नाही म्हटलं. मग उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं. दर दोन-तीन आठवड्यांनी बैठक एक उशी कमी. सात महिने लागले. त्याच वेळेला येणाऱ्या एका आजींना जेवायला मांडी घालून बसायचं होतं. दोघींचा व्यायाम एकच निघाला. आता सकाळी अकराची वेळ मी फक्त बायकांसाठी ठेवतो, शिकवायला माझी बहीण असते. बुरखा, साडी, ट्रॅकपँट, अडचण कशाचीच नाही. पाय कापडात अडकू नये एवढंच बघतो.

रमजानबद्दल नेहमी विचारतात. महिनाभर ताकद वाढवण्याच्या मागं लागू नका, आहे ती टिकवा. इफ्तारनंतर पाणी आणि थोडं खाणं झाल्यावर अर्धा तास, आठवड्यातून दोन-तीनदा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रोजे सुरू होण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा तसा व्यायाम, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. रंकाळ्याला चालायला फी लागत नाही. पायरी, पाण्यानं भरलेली कळशी आणि एक भक्कम खुर्ची घरात असतेच.

ज्यांना ट्रेनर व्हायचंय त्यांनी जरूर या, मी वही दाखवतो. बाकीच्यांना एकच काम. आज घरी गेल्यावर टेप घ्या आणि अम्मी-अब्बांची कंबर मोजा. मग त्यांना विचारा, हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठता येतं का? नाही आलं तर उद्यापासून तुमचा पहिला क्लायंट घरातच आहे. फी मागू नका.